टपातला सांबार आणि मोजलेलं पाणी

मी बरी झालेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही. आजारपणावर लिहिलेलं जे थोडंफार मी वाचलं, त्यात शेवटी माणूस उठून कामाला लागतो. माझं तसं नाही. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. तीन वर्षांपासून बुधवारी आणि शनिवारी मी केळापूरहून यवतमाळला जाते, चार तास मशीनला लागते आणि परत येते.

आमच्या डायलिसिसच्या हॉलमधल्या सिस्टर म्हणाल्या, "नवीन पेशंट आम्हाला काही विचारत नाहीत, तुमच्याच खाटेकडे येतात. त्यांना जे सांगता ते लिहून द्या." म्हणून लिहिते. धीर द्यायला लिहीत नाही, धीर माझ्याकडेच शिलकीत नाही. पण काय काय होतं ते आधी माहीत असलं तर माणूस थोडं कमी घाबरतो, एवढं मी पाहिलं आहे.

आधीचे टप

माझं नाव रत्नमाला, वय बेचाळीस. माझे मिस्टर, म्हणजे प्रज्ञाचे बाबा, पांढरकवड्यात शेतपंपाच्या जळालेल्या मोटारींत नवीन तार भरून देतात. प्रज्ञा ही आमची एकुलती एक. मी आजारी पडले तेव्हा ती दहावीत होती.

मी डबे करायचे. बदलीवर आलेले बँकेतले साहेब, शाळेतले मास्तर, अशा एकट्या राहणाऱ्या लोकांचे. प्रज्ञाचे बाबा दुकानात जाताना डबे घेऊन जायचे. माझ्या डब्याचं नाव होतं ते सांबारामुळे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. उन्हाळ्यात बाजारातला सांबार दुपारपर्यंत मान टाकतो, म्हणून मी तो घरीच स्लॅबवर लावायला लागले. प्रज्ञाच्या बाबांनी निळे ड्रम मधोमध कापून सहा टप करून दिले, तापलेल्या सळईने बुडाला भोकं पाडली. पहिल्या वर्षी मी त्यात शेतातली काळी माती भरली आणि फसले. पाणी घातलं की लोण्यासारखी, वाळली की दगड. मग अर्धी माती, बाकी रेती आणि कुजलेलं शेणखत, असं जमलं.

धने चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, एक रात्र भिजत घालायचे, पेरून वर नखभर माती टाकायची. दहा दिवसांनी दुसरा टप पेरायचा, म्हणजे पहिला संपेपर्यंत तो हाताशी येतो. सांबार उपटायचा नाही. बुडाशी दोन बोटं सोडून कात्रीने बाहेरच्या काड्या कापायच्या, मधला कोंब ठेवायचा. एका पेऱ्यात तीन कापण्या निघतात. पुदिन्याला टप वेगळा द्यावा लागतो, कारण तो शेजाऱ्याला जगू देत नाही. एका टपात गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, होता. एप्रिल-मे मध्ये वर हिरवी नेट बांधायची, तरीही सांबार फुलावर येतो. त्याला इलाज नाही.

रविवारी सांबारवड्या करायचे. त्या दिवशी एकही डबा उरून परत येत नसे.

वास

कापूस वेचणीचे दिवस होते. माझे पाय सुजायचे. दिवसभर ओट्यासमोर उभी असते, सुजतीलच, असं मी धरून चालले होते. सकाळी डोळ्यांखाली फुगायचं. तोंडात सारखी लोखंडाची चव.

एक दिवस सकाळी स्लॅबवर सांबार कापत होते. ताज्या कापलेल्या काड्यांचा वास आला आणि मला तिथेच, टपाच्या काठाला धरून, उलटी झाली. ज्या वासावर मी दहा वर्षं घर चालवलं तोच नकोसा झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कावीळ असन वं. झाडपाल्याचं औषध घे." आठ दिवस मी ते प्याले. ते आठ दिवस मी वाया घालवले, हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. तुम्ही घालवू नका.

शेवटी पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं, दुसऱ्या हाताला पट्टा बांधून पुन्हा पाहिलं, आणि चिठ्ठी दिली. "आजच यवतमाळला जा. उद्या नाही, आज."

यवतमाळच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या. रिपोर्ट वाचून त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "दोन्ही किडन्या आकसल्या आहेत. हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांपासून होत आलंय. प्रेशर होतं आणि कळलं नाही."

प्रज्ञाच्या बाबांनी विचारलं, "किती दिवस गोळ्या घ्या लागतीन, मॅडम?"

"गोळ्यांनी होणार नाही."

"मंग इंजेक्शन?"

मग मॅडमनी मशीनबद्दल सांगितलं. मी ऐकत होते असं वाटत होतं, पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. उद्याच्या डब्यांचं कसं? वांगी आणून ठेवली आहेत, ती खराब होतील.

बाहेर बाकड्यावर प्रज्ञाच्या बाबांनी मला पाण्याची बाटली आणून दिली. मी ती उभ्या उभ्या घटाघट संपवली. पोटभर पाणी पिण्याची ती शेवटची वेळ होती. माहीत असतं तर बसून, सावकाश प्याले असते.

हॉल

पहिले दोन महिने मानेत नळी होती. त्या दिवसांत मातीला हात लावायचा नाही, शेणखताच्या जवळ जायचं नाही, असं बजावलं होतं. नळीतून जंतू थेट रक्तात जातात. मग डाव्या मनगटात ऑपरेशन करून दोन नसा जोडल्या. तिथे बोट ठेवलं की आतून घरघर लागते. सिस्टरनी सांगितलं, "ही घरघर म्हणजे तुमचा जीव. रोज सकाळी हात लावून पाहायची." त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, बांगडी घालायची नाही.

हॉलमध्ये आठ खाटा. आत गेलं की आधी वजन. दोन फेऱ्यांमध्ये किती पाणी अंगात साठलं ते काट्यावर दिसतं, आणि सिस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. शाळेत नापास झाल्यासारखं वाटतं. मग दोन जाड सुया. पहिला तास बरा जातो. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा सिस्टर पाऊल धरून मागे दाबतात. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून असते. कुणी काही विचारलं तर हात हलवते. तो दिवस जातोच. दुसरा दिवस बरा. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा धाप.

खाण्याचा कागद दिला त्यात काय बंद आहे याची यादी होती. केळी, नारळपाणी, टमाटर, पालक, आणि पाचव्या ओळीत कोथिंबीर. पालेभाजीतला क्षार रक्तात वाढला तर हृदय बंद पडतं. मी मॅडमना विचारलं, "वरणावर चिमूटभर टाकला तर?"

"चिमटीने टाकणारा माणूस मूठ कधी टाकतो ते त्याला कळत नाही," त्या म्हणाल्या.

आणि पाणी दिवसाला अर्धा लिटर. चहा, वरण, गोळ्यांचं पाणी, सगळं त्यात.

डबे बंद झाले. प्रज्ञा शाळेतून आल्यावर टपांना पाणी घालायची. एकदा प्रज्ञाच्या बाबांनी मला बरं वाटावं म्हणून सांबार काढून आणला, अख्खा मुळासकट उपटून. मी त्यांच्यावर ओरडले. ते मातीने भरलेले हात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "मले काय माईत वं, तूच कराची सारं." ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

चार मग

तहानेबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. आमच्याकडच्या मे महिन्यात जीभ टाळूला चिकटते. थुंकी गिळायला नसते. टीव्हीवर कुणी पाणी पिताना दिसलं तरी मी उठून जायचे. प्रज्ञा आणि तिचे बाबा माझ्यासमोर पाणी पीत नसत. मोरीत जाऊन प्यायचे. मला ते ऐकू यायचं.

मानेतली नळी निघून बरेच महिने झाले होते. एका दुपारी प्रज्ञा क्लासला गेली होती आणि मी टपांना पाणी घालायला वर गेले. पिंप नेटच्या सावलीत होतं, त्यामुळे पाणी थंड. पहिला मग सांबाराला घातला. दुसरा पुदिन्याला. माती ते पाणी आवाज करत पीत होती. तिसरा मग मी तोंडाला लावला.

चार मग प्याले. हाताने तोंड पुसलं. रडू आलं, पण ते आनंदाचं होतं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी आडवं होता येईना. छातीत पाणी भरल्यासारखी घुरघुर. शेजाऱ्यांच्या गाडीतून यवतमाळला नेलं. मशीन लागलं, श्वास आला. प्रज्ञाचे बाबा खाटेशेजारी उभे होते. एवढ्या वर्षांत ते मला कधी तोडून बोलले नव्हते. म्हणाले, "तुले मराचं असन त सरळ सांग ना, रत्ना. पोरीले तरी सांगून ठेवतो."



घरी आल्यावर त्यांनी स्लॅबच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली दुकानात नेली. मे महिन्याच्या उन्हात सगळे टप आठ दिवसांत वाळले. गोडलिंब तेवढा तग धरून राहिला.

दाढेखालचं पान

माझ्या शेजारच्या खाटेवर नामदेवकाका असायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, डायलिसिसवर सहावं वर्ष. हॉलमध्ये सगळ्यांत जुने तेच. त्यांना माझे चार मग कळले तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"म्या गाडी धुवाच्या पाइपनं पाणी पेलतो, पोरी," ते म्हणाले. "तुहं त मगच होतं."

मग त्यांनी मला सांगितलं, "पुदिन्याचं एक पान दाढेखाली ठेवाचं. चावाचं नाही. नुसतं ठेवाचं. तोंडाले पाणी सुटते. तहान जात नाही, पण अर्धा घंटा गप राह्यते."

सिस्टरनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, एकदोन पानांनी काही होत नाही, चालेल. ते ऐकून प्रज्ञाच्या बाबांनी कुलूप काढलं, एका अटीवर. पाणी प्रज्ञा घालेल, पिंपाला झाकण आणि झाकणावर दगड. मला ती अट अपमानाची वाटली. मी ती मानली.

पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्यांपासून लागतो. खालची पानं खुडून काडी ओल्या मातीत खोचायची, सावलीत ठेवायची. तीन आठवड्यांत टप भरला. शेंडा खुडला की बाजूने दोन फुटतात, म्हणून खुडण्याची भीती नको. बुधवारी निघताना मी आठ-दहा शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळायचे. हॉलमध्ये सिस्टर ते धुऊन प्रत्येकाला एकेक पान द्यायच्या. आठ खाटांवर आठ माणसं गालात पान धरून गप पडलेली. एक उमरीची बाई म्हणायची, "आज विडा रंगला नाही वं माहा." आम्ही हसायचो. तिसरा तास त्यामुळे थोडा लवकर सरायचा.

चांगल्या गोष्टी मोजायला बसले तर ही एक धरता येते. दुसरी पटकन आठवत नाही.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी नामदेवकाकांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. सिस्टरनी खालच्या आवाजात सांगितलं, रविवारी अंगणात बसल्या बसल्या गेले. मी फडकं सोडलं. नवीन माणसाला पान कशासाठी ते माहीत नव्हतं. त्याने ते चावून गिळलं आणि विचारलं, "अजून आहे काय?"

छाया

आता जे लिहिते ते लिहू की नको, यात दोन महिने गेले.

किडनी बदलता येते. प्रज्ञाच्या बाबांचा रक्तगट जुळला नाही. आईला शुगर. उरली माझी धाकटी बहीण छाया, उमरखेडला दिलेली, तिला दोन लहान लेकरं. मी तिला विचारलं नव्हतं. तीच आली आणि माझ्या खाटेवर बसून म्हणाली, "ताई, माह्याजोळ दोन आहेत. एक तुही."

तपासण्या नागपूरच्या दवाखान्यात. पाच महिने चालल्या. सगळं जुळलं. त्या पाच महिन्यांत छाया अधूनमधून आमच्याकडेच राहायची. तिनेच सगळे टप पुन्हा भरले, धने रगडले, पेरले. मी पायरीवर बसून सांगायचे. मला झोप यायला लागली होती. मी मनात डबे पुन्हा सुरू केले होते. कुणाकुणाला फोन करायचा तेही ठरवलं होतं. आशा फार वाईट. रोग तरी दिसतो.

शेवटची पायरी म्हणजे समितीपुढे जबाब. देणारी स्वखुशीने देते ना, ते विचारतात. आम्ही पांढरकवड्याहून सकाळीच नागपूरला पोहोचलो. छाया उमरखेडहून परस्पर येणार होती. अकरा वाजता तिचा फोन बंद लागला. बाराला बंद. एक वाजता दारातल्या माणसाने आम्हा दोघींची नावं पुकारली. मी एकटीच उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले.

तिचा फोन तीन दिवसांनी आला. "ताई, माह्याच्यानं नाही होत." एवढंच. मागून लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता.

प्रज्ञाचे बाबा तिच्या नवऱ्याला नको नको ते बोलले. त्यानेच अडवलं, हे आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. माझ्या आईने जावयाशी बोलणं टाकलं. मी छायाशी. सव्वा वर्ष.

स्लॅबवर

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी सांबार कापत होते. हिवाळ्यात तो काय येतो! हातभर. मी खात नाही, पण शेजारीपाजारी नेतात, विहारात जेवण असलं की तिथे जातो. वास आता पुन्हा आवडतो. मशीन सुरू झाल्यावर मळमळ गेली.

मागे पावलं वाजली. मला वाटलं प्रज्ञा.

"ताई."

मी वळले नाही. म्हणाले, "चप्पल तिकडं काढ. माती पसरली आहे."

छायाने चप्पल काढली. कठड्यावर दुसरी कात्री होती ती घेतली आणि शेजारच्या टपाजवळ बसून कापायला लागली. बुडाशी दोन बोटं सोडून, नीट. अर्धा टप कापून झाला. मग ती खाली पाहूनच बोलली.

"ताई, आमच्या याईनं नाही अडवलं मले."

मी कात्री थांबवली.

"सारे त्याईलेच बोलले. आई, भाऊजी, सारे. अन् म्या बोलू देलं. त्याईनं त माही बॅग भरून देलती. लेकरं आपल्या बहिणीकडं पोचवलती. मी सकाळपासून उमरखेडच्या स्टँडवर बसलती. तीन गाड्या गेल्या. कंडक्टर इचारे, बाई येतं का. मले उठताच नाही आलं."

"काहून?"

"भेव वाटला. दुसरं काहीच नाही. पोटात हात घालून काढतीन, अन् मंग मी अशी नाही राहीन, याचा भेव. अन् तुह्या आवाजाचा. म्हणून फोन बंद केला."

सव्वा वर्ष माझ्या मनात तिच्यासाठी एक वाक्य तयार होतं. दर फेरीला मशीनवर पडल्या पडल्या मी त्याला धार लावत होते. ते इथे लिहीत नाही. तिच्या तोंडावर टाकायला ते ओठांपर्यंत आलं, आणि मी तिच्या हातांकडे पाहिलं. मधला कोंब सोडून ती कापतच होती.

मी म्हणाले, "तो टप झाला. आता इकडचा घे."

मी तिला माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी माफ केलेलं नाही. तिच्या जागी मी असते तर कोणत्या गाडीत चढले असते, हेही मला सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

त्या दिवशी तिने आमच्या स्वयंपाकघरात सांबारवड्या केल्या. प्रज्ञाने खाल्ल्या, तिच्या बाबांनी मान खाली घालून खाल्ल्या. छायाने सवयीने एक माझ्याही ताटात ठेवली, मग ओशाळून उचलून घेतली. चारच्या गाडीने ती गेली. पिशवीत सांबार होता. आता ती महिन्या दोन महिन्यांनी येते. आम्ही किडनीवर बोलत नाही.

आता

मनगटातली घरघर या वर्षी एका सकाळी लागली नाही. मी पाच मिनिटं बोट दाबून बसले, मग प्रज्ञाला हाक मारली. ती नस कायमची बंद झाली. आता दंडात नवीन जोडली आहे. हृदय थकल्याचं मॅडमनी सांगितलं. मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून नागपूरच्या यादीत नाव आहे. यादी लांब आहे आणि मी तिची वाट पाहत नाही. वाट पाहून काय होतं ते मी पाहिलं आहे.

नवीन पेशंट मला विचारतात, "बाई, यातून बाहेर येता येते का?" मी सांगते, काहीजण येतात, मी आलेली नाही. मग सांगते की मोजलेलं पाणी एका बाटलीत भरून ठेवा, घरच्यांना मोरीत जाऊन पाणी प्यायला लावू नका, आणि चोरून प्यालात तर त्याच वेळी सांगा, संध्याकाळची वाट पाहू नका. टप लावायचे असतील तर नस जुळल्यावर लावा, हातमोजे घालून. त्याने रोग हटत नाही. पण स्लॅबवर जायला एक निमित्त राहतं, आणि धने दहा दिवसांनी उगवतात म्हणजे माणूस निदान दहा दिवस पुढचं बोलतो.

प्रज्ञा

गेल्या महिन्यात प्रज्ञाला अठरा वर्षं पूर्ण झाली. त्या बुधवारी ती माझ्यासोबत हॉलवर आली आणि मी मशीनवर असताना मॅडमना जाऊन भेटली. मला मॅडमनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्लॅबवर होतो. ती टपातली माती मोकळी करत होती, मी बसून पाहत होते.

"आई, मले माही तपासणी कराची आहे."

"नाही."

"नुसती तपासणी."

"नाही म्हणलं ना."

तिने खुरपी खाली ठेवली. "छायामावशी नाही म्हणली त तू तिच्याशी सव्वा वर्ष बोलली नाही. मी हाव म्हणून राह्यली त मलेच नाही म्हणतं. तुले पाहिजे तरी काय, आई?"

तिचं बोलणं बरोबर होतं. छायाकडून मी जे हक्काचं समजत होते, तेच प्रज्ञाच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला नको झालं. छायाची आईही तिथेच होती की, माझीच आई. पाच महिने दोन्ही लेकींकडे पाहत होती. तिला कसं वाटलं असेल ते मी कधी विचारलंच नाही.

प्रज्ञा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळ्या देते, वजन लिहिते, टपांना पाणी घालते, पिंपावर दगड ठेवते.

मागच्या शनिवारी मी मॅडमना कोरा कागद मागितला. डाव्या दंडात सुया होत्या, उजव्या हाताने लिहिलं. माझी मुलगी प्रज्ञा हिची किडनी मी घेणार नाही. ती पुढे कितीही मागे लागली, मी बेशुद्ध असले, घरच्यांनी सही केली, तरीही नाही. मॅडम म्हणाल्या, "एवढी घाई कशाला? अजून तिची तपासणीही झालेली नाही. विचार करा."

मी म्हणाले, "इथं चार-चार तास दुसरं काय करतो आम्ही, मॅडम?"

त्यांनी कागद माझ्या फाइलला लावला. प्रज्ञाच्या बाबांना मी घरी येऊन सांगितलं. ते चप्पल घालून दुकानात निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

प्रज्ञाला मी सांगितलेलं नाही. माझं अक्षर सिस्टरना लागत नाही, म्हणून हे कागद टाइप करायला तिच्याच हातात जाणार आहेत. इथपर्यंत आली की तिला कळेल.

प्रज्ञा, रागाव माझ्यावर. पाहिजे तितके दिवस बोलू नको. पण एवढं टाइप कर, खोडू नको.